गर्दीचे वेळापत्रक

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या कुटुंबाला सुट्टीच्या दिवशी कुठे जावे हा प्रश्न खरे तर पडू नये. अष्टविनायकांतला पहिला मोरगावचा मयूरेश्वर इथलाच. सुप्याजवळ चिंकाऱ्यांचे अभयारण्य आहे, कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला उजनीच्या फुगवट्यावर थंडीत रोहित पक्षी उतरतात, कडबनवाडीच्या माळावर वन विभागाची गवताळ सफारी आहे, नीरा-भीमेच्या संगमावर नरसिंहपूर आहे आणि जानेवारीत शारदानगरला कृषिक प्रदर्शन भरते. पण घरात स्वमग्न मूल असले की ही यादी भराभर आखडत जाते. आधी जत्रा गळते, मग लग्नकार्ये, मग हॉटेल, मग देऊळसुद्धा. शेवटी घर आणि शाळा किंवा थेरपीची खोली, एवढ्यातच त्या कुटुंबाचे जग फिरू लागते. भोवतालचे लोक याचे कारण मुलात शोधतात: त्याला झेपत नाही, किंवा त्याला वळण नाही. माझे म्हणणे असे की मुलाला जे झेपत नाही त्यातले बरेचसे माणसांनी ठरवलेले असते. आवाज किती मोठा, रांग कुठून, कार्यक्रम नेमका कधी सुरू होणार, मधूनच उठून जायचे तर वाट कोणती, हे सगळे कुणीतरी ठरवते किंवा ठरवायचे राहून जाते. ते नीट ठरवून आधी सांगितले, तर या दोन तालुक्यांतल्या कितीतरी जागा या कुटुंबांना एक रुपयाही न खर्चता मोकळ्या होतील.

स्वमग्नतेकडे, म्हणजे ऑटिझमकडे, आपण प्रामुख्याने बोलण्याची आणि मिसळण्याची अडचण म्हणून पाहतो. मूल नजरेला नजर देत नाही, हाक मारली तर वळत नाही, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणते, एवढेच लोकांना ठाऊक असते. पण लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ साली पहिल्यांदा अशा मुलांचे सविस्तर वर्णन केले, तेव्हाच मोठे आवाज आणि हलत्या वस्तू यांनी ती किती घाबरतात हे त्याने टिपले होते. तरीही अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत संवेदनांची ही बाजू अधिकृत निकष म्हणून यायला २०१३ साल उजाडले. सत्तर वर्षे ती गोष्ट दिसत होती आणि तरी कडेला पडून होती. त्या निकषात दोन्ही टोके येतात. काही मुलांना आवाज, उजेड, वास, स्पर्श फार तीव्र जाणवतात. काहींना ते इतके कमी जाणवतात की ती स्वतःहून ते शोधत राहतात: गोल गोल फिरतात, धान्यात हात खुपसून बसतात, गार फरशीला गाल लावतात. एकाच मुलात दोन्ही असू शकते. कुकरच्या शिट्टीला कान झाकणारे मूल पंख्याखाली तासभर रमते. त्यामुळे ‘स्वमग्न मुलांना शांतता हवी’ हे सरसकट विधानही अर्धेच खरे आहे. त्यांना लागतो तो स्वतःला पेलेल एवढा आणि आधी कळलेला आवाज. गळीत हंगामात उसाचे दोन-दोन ट्रेलर ओढत, टेप मोठ्याने लावून ट्रॅक्टर येतो, तेव्हा आपण वैतागतो आणि दोन मिनिटांत विसरतो. ज्या मेंदूला तो आवाज मागे ढकलता येत नाही, त्याच्यासाठी ट्रॅक्टर निघून गेल्यावरही तो संपलेला नसतो.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, ‘सवय लावायला हवी. घरात कोंडून ठेवले तर पोर आणखीच बुजेल.’ या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून ते झटकून टाकता येत नाही. पण सवय ही मेंदूची एक ठरावीक क्रिया आहे आणि ती तपासता येते. शुलामाइट ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना किंचित त्रासदायक आवाज आणि खरखरीत स्पर्श पुन्हा पुन्हा देऊन त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. इतर मुलांच्या मेंदूतला भीतीशी निगडित भाग हळूहळू शांत होत गेला. ज्या स्वमग्न मुलांना संवेदनांचा त्रास जास्त होता, त्यांच्यात हे शांत होणे कमी दिसले. म्हणजे दहाव्यांदा ऐकलेला ढोल त्यांना पहिल्यांदा ऐकल्यासारखाच बसू शकतो. मग ही मुले कधीच सरावत नाहीत का? सरावतात. मात्र आवाजाचे प्रमाण थोडे असावे लागते, तो येणार हे आधी माहीत असावे लागते आणि नको झाले की बाहेर पडता यावे लागते. मिरवणुकीच्या मधोमध मुलाचा दंड धरून उभे केल्याने यातले एकही साधत नाही. त्यातून मूल शिकते ते एवढेच, की बाहेर नेले की त्रास होतो आणि आईबाप सुटका करत नाहीत. जमिनीवर लोळण घेऊन किंचाळणाऱ्या अशा मुलाला पाहणारे लोक त्याला हट्ट म्हणतात. हट्टामागे काहीतरी मिळवायचे असते आणि ते मिळाले की तो थांबतो. इथे मुलाला काहीच मिळवायचे नसते, म्हणून खाऊ देऊन, दटावून किंवा मोबाइल हातात देऊन ते थांबेलच असे नाही. आवाज आणि गर्दी मागे पडली की बहुतेकदा थांबते.

मग जागा कशी असावी? ब्रिटनमध्ये केरेन मॅक्लेनन आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी स्वमग्न प्रौढांनाच विचारले, की दुकान, हॉटेल, बस, दवाखाना अशा ठिकाणी नेमके काय जड जाते. उत्तरांतून सहा गोष्टी पुढे आल्या: आवाज-उजेड-वासाचा एकूण मारा, जागेचा ऐसपैसपणा, पुढे काय होणार याचा अंदाज, भोवतालच्या माणसांची समज, थोडीफार तडजोड करण्याची तयारी आणि दमल्यावर सावरायला कोपरा. या सहांपैकी फक्त पहिल्या दोन गोष्टींना बांधकाम किंवा यंत्रणा लागते. उरलेल्या चार माहितीच्या आणि वागणुकीच्या आहेत. आपल्याकडे चर्चा नेमकी उलटी चालते. ‘ऑटिझमस्नेही’ म्हटले की मऊ गाद्या, रंगीत दिवे आणि बुडबुड्यांचे खांब असलेली खोली डोळ्यांपुढे येते, तिचे अंदाजपत्रक येते आणि निधी नाही म्हणून विषय संपतो.

अंदाज देण्याच्या बाबतीत तर या भागाला बाहेरून काही शिकायची गरज नाही. तुकाराम महाराजांची पालखी दर आषाढी वारीला याच दोन तालुक्यांतून जाते. बारामतीचा मुक्काम, काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण, मग सणसर, बेलवाडीचे गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. लाखो माणसे पायी चालतात, तरी कोणत्या तिथीला पालखी कुठे असेल, विसावा कुठे आणि मुक्काम कुठे, हे आधीच छापून येते, आणि गावोगावच्या बायका त्याच हिशेबाने भाकऱ्यांचे पीठ दळून ठेवतात. एवढी मोठी गर्दी इतक्या नेमकेपणाने चालवणाऱ्या मुलखात आठवडी बाजाराला, यात्रेला किंवा प्रदर्शनाला आधी काही सांगता येत नाही, हे पटण्यासारखे नाही. बेलवाडीच्या रिंगणात अश्व धावतात तो क्षण थोडाच असतो, पण त्याआधीची ताटकळ फार लांब असते. अश्व साधारण कधी सुटणार, कोणत्या बाजूला गर्दी विरळ असते, तिथून गाडीपर्यंतचा रस्ता कोणता, एवढे तीन ओळींत आधी मिळाले तर एखादे कुटुंब अर्धा तास थांबून, रिंगण पाहून परत फिरू शकते. तेच मोरगावचे. चतुर्थीला आणि भाद्रपद-माघातल्या यात्रांना तिथे पाय ठेवायला जागा नसते. एरवीच्या एखाद्या बुधवारी दुपारी हाच दगडी तटबंदीतला गाभारा आणि बाहेरचा मोठा नंदी निवांत पाहता येतो. ही माहिती पुजाऱ्यांना आणि फुलवाल्यांना तोंडपाठ असते, पण ती कुठे लिहिलेली नसते. जागेचे चार-पाच फोटो, येण्याचा क्रम आणि ‘इथे घंटा वाजते, इथे चप्पल काढायची’ एवढे सांगणारे पान असले, की पालक ते आदल्या रात्री मुलाला दाखवू शकतात. कॅरल ग्रे या अमेरिकी शिक्षिकेने १९९१ च्या सुमारास अशा छोट्या चित्रमय गोष्टींची पद्धत रूढ केली आणि आज जगभरच्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर त्या दिसतात. बारामतीच्या विज्ञान केंद्राला किंवा कृषिकच्या आयोजकांना हे करायला दोन दिवसही लागणार नाहीत.

‘आवाज काढून घेतला तर जत्रेत उरले काय?’ हा दुसरा आक्षेप. ढोल-ताशा, हलगी, टाळ-मृदंग हा आपल्या सणांचा प्राण आहे आणि मूठभरांसाठी तो सगळ्यांनी का आवरावा, असे विचारले जाते. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. हलगी थांबवा असे कुणी म्हणत नाही. प्रश्न आहे तो छाती हादरवणाऱ्या डॉल्बीचा, आणि त्याबद्दल स्वमग्न मुलांचा विचार न करताही कायदा झालेला आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवायला सांगतात, आणि सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्य सरकारला देतात. हृदयरोगी, तान्ही बाळे, म्हातारी माणसे, परीक्षेला बसलेली पोरे, सगळ्यांच्या वतीने तो नियम आहे. स्वमग्न मूल त्या रांगेत सर्वांत आधी कोसळते एवढेच. आणि आपली जुनी परंपरा या बाबतीत आजच्यापेक्षा सैल होती, हेही लक्षात घ्यावे. देवळातल्या कीर्तनात पोरे आईच्या मांडीवर झोपत, उठून बाहेर जात, परत येऊन बसत, मधेच टाळी वाजवत, आणि कीर्तनकार त्यावरच एखादा विनोद करून पुढे जात. अमेरिकेत एका चित्रपटगृह साखळीने २००७ पासून स्वमग्न प्रेक्षकांसाठी दिवे थोडे चालू, आवाज कमी आणि उठण्या-फिरण्याची मुभा असे खास खेळ सुरू केले, त्याचे मोठे कौतुक झाले. ते खेळ आपल्या मांडवातल्या कीर्तनाच्याच जवळ जाणारे आहेत. हललात तर लोक वळून पाहतील, ही शिस्त बंदिस्त प्रेक्षागृहांबरोबर आली.

लग्नाचेही तसेच. मंगल कार्यालयात वधूपक्षाची आणि वरपक्षाची खोली ठरलेली असते. त्यात आणखी एक छोटी खोली, दार लावता येईल आणि स्पीकरपासून लांब असेल अशी, ‘निवांत खोली’ म्हणून मोकळी ठेवणे कार्यालयाच्या मालकाला अवघड नाही. तान्ह्या बाळाला दूध पाजायला आईलाही ती लागतेच, रक्तदाब वाढलेल्या आजोबांनाही लागते. निमंत्रण देताना ‘तुम्ही याच, खोली आहे’ असे नातलगाने सांगितले, तर त्या घराचा लग्नाला जायचा विचार पालटू शकतो. ब्रिटनच्या नॅशनल ऑटिस्टिक सोसायटीने २०१६ मध्ये लोकांच्या नजरांवरच मोहीम उघडली होती, कारण माणसे काय म्हणतील या धास्तीने बाहेर पडणेच टाळणारी कुटुंबे तिथेही थोडी नव्हती. आपल्याकडे त्या नजरा अनोळखी माणसांच्या नसतात, भावकीच्या असतात, आणि म्हणून त्या जास्त लागतात.

निसर्गाच्या बाबतीत या तालुक्यांचे नशीब चांगले आहे. कडबनवाडीच्या माळावर गाडीत बसूनच चिंकारा, खोकड, नशीब असेल तर लांडगा दिसतो. गाडी म्हणजे मुलाच्या ओळखीची, काचा वर घेता येणारी जागा, त्यामुळे बिथरणाऱ्या मुलासाठी ही सहल प्राणिसंग्रहालयापेक्षा सोपी पडते. पळशीवाडीला पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या आसपास रुजवलेला कृषी पर्यटनाचा प्रयोग राज्यभर पसरला आणि २०२० मध्ये राज्य सरकारने त्यासाठी धोरणही केले. गोठा, मातीचा स्पर्श, विहिरीचे पाणी, एका वेळी एकच कुटुंब, मागेल तेव्हा जेवण: संवेदना शोधणाऱ्या मुलाला आणि संवेदनांनी दमणाऱ्या मुलाला एकाच जागी ठेवता येईल अशी ही सहल आहे. शेतकऱ्याने आधी फोनवर विचारायचे एवढेच, की कोंबड्या-कुत्री मोकळी असलेली चालतील का, आणि त्या दिवशी दुसरा गट येणार असेल तर तसे सांगायचे.

पण इथेच एक धोका आहे आणि तो पर्यटनाच्या गोड वर्णनांत येत नाही. स्वमग्न मुलांपैकी बरीच मुले अचानक निसटून जातात. अमेरिकेतल्या २०१२ च्या एका पाहणीत जवळपास निम्म्या पालकांनी सांगितले, की चार वर्षांचे झाल्यानंतर मुलाने एकदा तरी असा प्रयत्न केला. आणि निसटलेले मूल अनेकदा पाण्याकडे जाते, कारण चमकणारे, हलणारे पाणी त्याला ओढते. तिथल्याच मृत्यू-नोंदींच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार चौदा वर्षांपर्यंतच्या स्वमग्न मुलांना बुडून मृत्यू येण्याचे प्रमाण सर्वसाधारण मुलांच्या १६० पट होते. आता या भागाचा नकाशा पाहा. बारामती शहरातून नीरा डावा कालवा वाहतो आणि त्याच्या काठावर लोक संध्याकाळी फिरायला येतात. इंदापूरची एक बाजू उजनीच्या पाण्याने वेढलेली आहे. शिवारात जागोजागी प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली शेततळी आहेत, ज्यांच्या उतारावरून घसरलेल्या मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. त्यामुळे इथे ऑटिझमस्नेही सहलीची पहिली अट कुंपण आहे, खोली नंतर. शेततळ्याला जाळी आणि आत सोडलेला गाठींचा दोर, कुंभारगावच्या नावेत मुलाच्या मापाचे लाइफ जॅकेट (आणि ते अंगाला टोचले तर सवय व्हावी म्हणून आधी किनाऱ्यावर घालून बघायची मुभा), आणि नावाड्याला एवढी सूचना की हे मूल उभे राहू शकते, त्याला मध्ये बसवा. पक्षी दाखवणारे तिथले मच्छीमार पाण्याचे जाणकार आहेत. त्यांना ही एक गोष्ट सांगायला कुणी गेले, तर उरलेले ते स्वतः शिकवतील.

‘अशी मुले आहेत तरी किती?’ हा तिसरा आक्षेप आकड्याचा आहे, म्हणून आकड्यानेच उत्तर द्यावे. पलवल, कांगडा, ढेंकनाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी करून २०१८ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात साधारण शंभरात एक मूल स्वमग्न आढळले. इतर विकासविषयक अडचणी धरल्या तर आठांत जवळपास एक. बारामती आणि इंदापूर तालुक्यांची मिळून लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत आठ लाखांच्या घरात होती. शंभरात एकाचाच हिशेब धरला तरी चौदा वर्षांखालची दीड-दोन हजार मुले होतात, म्हणजे तितकीच कुटुंबे. ती दिसत नाहीत याचे एक कारण ती बाहेर येत नाहीत, हेच. जी माणसे येऊ शकत नाहीत, त्यांच्या न येण्यावरून त्यांची संख्या ठरवणे हा उलटा न्याय झाला.

त्यांच्यासाठी वेगळी वेळ ठेवावी, हा उपाय मला अर्धाच पटतो. न्यूझीलंडमधल्या काउंटडाउन या सुपरमार्केट साखळीने २०१९ मध्ये देशभर आठवड्यातून एक निवांत तास सुरू केला: दिवे मंद, संगीत बंद, ट्रॉल्यांची ने-आण थांबवलेली. पण तो बुधवारी दुपारी होता. तेव्हा मूल शाळेत आणि बाप कामावर असतो. सगळ्यांच्या गैरसोयीची वेळ उरली म्हणून ती यांना देणे, यात सोयीपेक्षा बाजूला सारणे जास्त आहे. प्रदर्शन सकाळी दहाला उघडत असेल तर एखाद्या दिवशी साडेआठला उघडावे, स्टॉलवरचे स्पीकर पहिला तास बंद ठेवावेत आणि त्या तासाला कुणालाही येऊ द्यावे. गुडघे दुखणारे आजोबाही त्याच तासाला येतील.

कायदा काय म्हणतो हे शेवटी सांगितले पाहिजे, कारण पैशाचा प्रश्न तिथेच सुटतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये संमत झाला. त्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि दिव्यांगांना सांस्कृतिक जीवनात आणि करमणुकीत इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा यासाठी पावले उचलण्याची जबाबदारी त्याने सरकारबरोबर स्थानिक संस्थांवरही टाकली आहे. महाराष्ट्रात नगरपरिषदांपासून ग्रामपंचायतींपर्यंत सर्वांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. अनेक ठिकाणी ते रोख मदतीत किंवा साहित्यवाटपात जातात, आणि ती मदत मिळणाऱ्याला लागतेही, हे नाकारण्यात अर्थ नाही. नागपूरच्या पारडीत सुमारे ९० हजार चौरस फुटांवर स्पर्श आणि गंधाच्या बागेसह १२ कोटींचे दिव्यांग उद्यान उभारण्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. बारामतीला किंवा इंदापूरला तेवढ्या मोठ्या उडीची वाट पाहायला नको. कालव्याच्या फिरण्याच्या रस्त्यावर दोनशे मीटरचे कुंपण, बसस्थानकाच्या एका कोपऱ्यात भोंग्यापासून दूर दोन बाके, यात्रा समितीला परवानगी देतानाच ‘आवाज कधी आणि कुठे’ हे लेखी मागण्याची अट, पालखी मार्गावरच्या गावांत शाळेची एक खोली दोन तास उघडी. पाच टक्क्यांतला एक टक्काही यासाठी पुरेसा आहे, आणि यातली यात्रेच्या परवानगीची अट तर पुढच्या यात्रेच्या अर्जापासूनच लागू करता येईल.